कच्चे घर, पक्के घर : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बांधकाम साहित्याचे गुणधर्म आणि निवड

प्रस्तावना

बांधकाम साहित्याविषयी बोलताना 'कच्चे' आणि 'पक्के' हे दोन शब्द इतक्या सहजतेने वापरले जातात की ते साहित्याचे अंगभूत गुणधर्म आहेत असाच समज होतो. वस्तुतः ती एक प्रशासकीय वर्गवारी आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात गवत, बांबू, लाकूड व माती यांच्या जोडीला हाताने घडविलेले कवेलूही कच्च्या छपरात मोजले गेले. यंत्रावर तयार झालेली कौले आणि टिनपत्रे मात्र पक्क्या छपरात गणली गेली. मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या घरात जाणाऱ्या चंद्रपूर परिसरात भर दुपारी कवेलूच्या छपराखाली बसता येते आणि उघड्या टिनाखाली बसवत नाही, ही गोष्ट या वर्गवारीत कोठेही नोंदली जात नाही.

याउलट २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पक्क्या घराची व्याख्या वेगळ्या प्रकारे केलेली आहे. नेहमीचा वापर आणि हवामानासह निसर्गाचे आघात सहन करून, वाजवी देखभालीत जे घर किमान ३० वर्षे टिकते ते पक्के होय, असा तिचा आशय आहे. ही व्याख्या साहित्याची यादी देत नाही. साहित्याकडून कामगिरी मागते. या दोन दृष्टिकोनांतील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सिमेंट, राख, साग आणि बांबू ही चारही साहित्ये विपुल प्रमाणात निर्माण करणाऱ्या या दोन जिल्ह्यांत प्रत्यक्ष घर कशाचे बांधावे हे गुणधर्मांवरून क्वचितच ठरते. ते अंतर, परवाना आणि शासकीय अंदाजपत्रक यांवरून ठरते. त्यामुळे प्रत्येक साहित्य कोणत्या जागी चालते आणि कोणत्या जागी फसते हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

साहित्याची दोन कोठारे

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. भूगर्भाच्या दृष्टीने मात्र हा प्रदेश पूर्वीपासूनच दुभंगलेला आहे. पश्चिमेस वरोऱ्याकडे दक्खनच्या बेसाल्टची कड आणि तीवरील कन्हार म्हणजे भारी काळी जमीन. वर्धा नदीच्या खोऱ्यात गोंडवन कालखंडातील कोळसा व वालुकाश्म. राजुरा-कोरपना भागात चुनखडक. आणि वैनगंगा ओलांडून पूर्वेस गेले की नाईस, ग्रॅनाइट यांसारखे अतिप्राचीन खडक व त्यांवर पसरलेले जंगल. गडचिरोली जिल्ह्याचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे.

परिणामी एक कोठार पश्चिमेस आहे, कारखान्यांचे. दुसरे पूर्वेस आहे, जंगलाचे. घुग्घुस येथील सिमेंट कारखाना जुना. १९८० च्या दशकात आवारपूर व गडचांदूर येथे, तर नंतर उपरवाही व नारंडा येथे सिमेंटनिर्मिती उभी राहिली. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची सध्याची क्षमता २,९२० मेगावॉट असून तेथे दररोज विजेबरोबर राखही निर्माण होते. पूर्वेस आलापल्लीचा साग देशभर नावाजलेला आहे. अयोध्येतील राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून याच वनपट्ट्यातील सागवान पाठविण्यात आले, हे सर्वश्रुत आहे. सामान्य ग्रामस्थाच्या दृष्टीने मात्र पहिले कोठार अंतरामुळे दूर आहे आणि दुसरे दाराशी असूनही परवान्यामुळे दूर आहे.

भिंत आणि छप्पर : उष्णतेचा हिशेब

गडचिरोलीच्या पारंपरिक घराची रचना साधी आहे. ऐन किंवा तत्सम कठीण लाकडाचे खांब, त्यांवर मयाल, बांबूच्या कमच्यांचे कूड, त्याला दोन्ही बाजूंनी माती व शेणाचा लेप आणि वर बांबूच्या सांगाड्यावर कवेलू. जेथे चांगली चिकणमाती मिळते तेथे दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंती आढळतात. या रचनेचे मूल्यमापन बहुधा भावनेने केले जाते. कोणी तिचे गोडवे गातो, कोणी तिला दारिद्र्याचे चिन्ह मानतो. दोन्ही बाजूंना आकडे पाहण्याची गरज वाटत नाही.

भारतीय मानकांच्या कोष्टकांनुसार भाजलेल्या विटेची उष्णतावाहकता प्रति मीटर प्रति अंश सुमारे ०.८१ वॉट, मातीच्या कच्च्या विटेची सुमारे ०.७५, सळईयुक्त काँक्रीटची १.५८, लाकडाची ०.०७ ते ०.१४, तर लोखंडी पत्र्याची सुमारे ६१ इतकी आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. माती आणि भाजलेली वीट यांच्या वाहकतेत फारसा फरक नाही. 'मातीचे घर थंड असते' हे विधान मातीच्या जातीपेक्षा भिंतीच्या जाडीमुळे खरे ठरते. पंचेचाळीस सेंटिमीटर जाडीच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोहोचण्यास कित्येक तास लागतात. तोवर रात्र होते आणि दारे-खिडक्या उघडून घर निववता येते. तीच माती कुडावर दोन-तीन इंच लिंपली असता हा लाभ उरत नाही. कुडाचे घर सुसह्य वाटते ते हवा खेळती राहिल्यामुळे आणि छपरामुळे.

छपराचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण उन्हाळ्यात घराला मिळणारी सर्वाधिक उष्णता छपरातूनच येते. हाताने घडविलेल्या कवेलूंच्या थरांत असंख्य फटी असतात. तापलेली हवा त्यांतून वर निघून जाते. टिनपत्र्यात हा मार्ग बंद होतो आणि पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या अंशात असल्याने उष्णता रोखण्याचे काही साधनच राहत नाही. सपाट स्लॅबची गत आणखी वेगळी आहे. दहा-बारा सेंटिमीटर काँक्रीट दिवसभर उष्णता साठविते आणि सूर्यास्तानंतर ती खाली सोडू लागते. म्हणूनच स्लॅबच्या घरातील माणसे मे महिन्यात अंगणात झोपतात.

असे असूनही कवेलू नाहीसे होत आहेत आणि त्याला केवळ शासकीय वर्गवारी जबाबदार नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे लागते, त्यासाठी मजूर मिळत नाहीत. कुंभारांच्या पुढच्या पिढ्या या व्यवसायात राहिलेल्या नाहीत. आणि वानरांचे कळप एका सकाळी जेवढे कवेलू फोडतात तेवढे बाजारात मिळणे कठीण झाले आहे. वानरांचा मुद्दा शहरी वाचकाला गमतीचा वाटेल, पण जंगलाकाठच्या गावात छपराची निवड त्यावरून बदललेली आहे. तेव्हा 'कवेलूकडे परत चला' असे सांगण्यापेक्षा टिनाखाली बांबूच्या ताट्यांचे छत टाकून त्यावर मातीचा पातळ लेप देणे, पत्रा व छत यांमध्ये हवेला वाट ठेवणे, आणि स्लॅबवर चुन्याची पांढरी सफेदी किंवा फुटक्या पांढऱ्या फरशीचा थर देणे हे उपाय व्यवहार्य आहेत. पहिल्या उपायात दोन साहित्यांची विभागणी होते : पाणी टिन अडविते, ऊन बांबू व माती अडवितात.

सिमेंट : कारखाना ते गाव

सिमेंट हे बांधकाम साहित्यांतील सर्वांत 'पक्के' मानले जाते. तथापि ते नाशवंतही आहे, याची जाणीव क्वचित ठेवली जाते. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते. ही क्रिया हवेतील बाष्पानेही सुरू होते. कोरड्या जागी ठेवलेल्या गोणीतील सिमेंटचे सामर्थ्य तीन महिन्यांत सुमारे एक-पंचमांशाने व सहा महिन्यांत सुमारे तीस टक्क्यांनी घटते, असे अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके सांगतात. दमट जागेत ही घट अधिक वेगाने होते.

कोरपना तालुक्यातील ग्राहकास या माहितीचे फारसे महत्त्व नाही. गोणी त्याच्यापर्यंत काही दिवसांत पोहोचते. पण गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यात वारंवार तुटत आलेला आहे. अशा ठिकाणी बांधकामाचे साहित्य पावसाळ्यापूर्वी आणून ठेवण्याची पद्धत स्वाभाविकपणे पडते. जूनमध्ये आणलेली गोणी डिसेंबरात उघडली, तर एकाच कंपनीच्या, एकाच दर्जाच्या सिमेंटचे घर चंद्रपुरात वेगळे आणि आतल्या गावात वेगळे होते. अंदाजपत्रकात मात्र दोन्ही ठिकाणी सिमेंटचे प्रमाण तेवढेच धरले जाते. गोणीवर उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेले असते. ते वाचून घेणे, गोण्या जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर व भिंतीपासून हातभर अंतरावर रचणे आणि जुनी गोणी आधी वापरणे, एवढ्या खबरदारीस काही खर्च येत नाही. जुने सिमेंट टाकून द्यावे असेही नाही; ते पायाच्या भरावात, फरशीखाली किंवा गिलाव्यात जाऊ शकते. स्लॅबमध्ये आणि खांबांत जाऊ नये, इतकेच.

दुसरा मुद्दा पाण्याचा आहे. काँक्रीटचे सामर्थ्य सिमेंटच्या दर्जापेक्षाही पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. भारतीय मानक ४५६ नुसार सौम्य परिस्थितीतील सळईयुक्त काँक्रीटसाठी हे गुणोत्तर ०.५५ पेक्षा अधिक नसावे. म्हणजे पन्नास किलोच्या एका गोणीस साडेसत्तावीस लिटर पाणी, आणि त्यातच ओल्या रेतीतील पाणीही आले. प्रत्यक्षात माल सहज पसरावा म्हणून बादलीमागून बादली ओतली जाते. जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. त्यांतूनच दमटपणा सळईपर्यंत पोहोचतो.

गमतीचा भाग असा की मिसळताना नको असलेले पाणी नंतर हवे असते आणि तेव्हाच ते दिले जात नाही. स्थानिक मिस्त्री ज्याला तराई म्हणतात ती, म्हणजे घातलेले काँक्रीट ओले ठेवणे, साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस व राखमिश्रित सिमेंटसाठी किमान १० दिवस आवश्यक आहे. कोरड्या, उष्ण हवेत हा अवधी अनुक्रमे १० व १४ दिवस असावा अशी मानकाची शिफारस आहे. बांधकामाचा हंगाम मार्च ते मे असा असतो आणि याच काळात गावातील विहिरी तळ गाठतात. पिण्यासाठी पाणी डोक्यावरून आणणाऱ्या कुटुंबाने चौदा दिवस स्लॅबला पाणी द्यावे ही अपेक्षा कागदावरच राहते. ओल्या तणसाचा किंवा पोत्यांचा थर टाकल्यास पाणी बरेच कमी लागते. आणि शक्य तेथे स्लॅबचे काम नोव्हेंबर-डिसेंबरात घेतल्यास अर्धा प्रश्न सुटतो. उष्ण हवेतील काँक्रीटकामाच्या मानकानुसार ओततेवेळी मालाचे तापमान ४० अंशांपेक्षा अधिक असू नये. चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर पडलेली गिट्टीच त्याहून अधिक तापलेली असते.

राख आणि वीट

औष्णिक केंद्रातील राखेची बांधकामातील उपयुक्तता समजण्यासाठी सुरखीचे उदाहरण पुरेसे आहे. जुने गवंडी चुन्यात भाजलेल्या विटांची पूड मिसळीत. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी संयोग पावून पाण्यातही टिकणारे बंधक तयार करते. राखेतील सिलिका हेच कार्य सिमेंटमधून मुक्त होणाऱ्या चुन्याबरोबर करते. म्हणून राखमिश्रित पोझोलाना सिमेंटमध्ये मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख असते. असे काँक्रीट सावकाश बळ धरते, पण दीर्घकाळात अधिक घट्ट व कमी सच्छिद्र होते. अर्थात, ओलावा न मिळाल्यास त्याचेच नुकसान अधिक होते, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असल्याने राखेची विल्हेवाट हा चंद्रपूरचा जुना प्रश्न आहे. केंद्र शासनाने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेपासून औष्णिक केंद्रांच्या परिसरातील बांधकामात राखेचा वापर बंधनकारक करण्यास सुरुवात केली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने संपूर्ण राखेच्या वापराची जबाबदारी केंद्रांवर टाकली. राखेच्या विटेचा आकार एकसारखा असतो, त्यामुळे जोडणीचा मसाला व गिलावा दोन्ही कमी लागतात, आणि तिच्यासाठी शेतातील सुपीक माती खरवडावी लागत नाही. दोष असा की मागणीच्या हंगामात पुरेसे पाणी व दिवस न देता ताजी वीट विकली जाते; तिच्या कडा वाहतुकीतच झडतात. अंतर वाढत जाते तसा तिचा लाभही कमी होतो. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या धानपट्ट्यात कोंड्यावर भाजलेली गावठी वीट अजूनही स्वस्त पडते.

गावठी विटेचा दर्जा भट्टीतील जागेनुसार बदलतो. मध्यभागातील वीट खणखणीत, कडेची पिवळट व मऊ. मानक १०७७ मधील सर्वांत खालच्या वर्गाचे दाबसामर्थ्य प्रति चौरस मिलिमीटर ३.५ न्यूटन असून एक मजली घराच्या भिंतीस ते पुरेसे असते. कडेच्या विटा आतल्या आडभिंतींत घालाव्यात, पायात व जोत्याच्या खाली घालू नयेत.

रेती, गिट्टी व पाया

वैनगंगा, वर्धा, इरई, अंधारी या नद्यांची रेती गुणवत्तेने चांगली असली तरी घाटांचे लिलाव, पर्यावरणीय मंजुरी आणि अवैध उपसा यांमुळे तिची उपलब्धता व किंमत अनिश्चित राहते. रेती ब्रासवर म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने विकली जाते. रेतीत चार-पाच टक्के ओल असता तिचे आकारमान २५ ते ३० टक्क्यांपर्यंत फुगते, ही गोष्ट विक्रेत्यास ठाऊक असते आणि ग्राहकास नसते. खडक फोडून केलेली कृत्रिम रेती मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत मान्य झालेली आहे. तिच्यात बारीक भुकटीचे प्रमाण तपासणे महत्त्वाचे.

वरोरा व राजुऱ्याकडील कन्हार जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर साहित्य कितीही उत्तम असले तरी उथळ पाया भिंत फाडतो. काळा थर काढून मुरूम भरणे, अथवा खोलवरच्या स्थिर थरात फुगीर बुंध्याचे खांब नेणे हे उपाय आहेत. पूर्वेकडील मुरमाड जमिनीत हा प्रश्न नाही. तेथे शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे उधळी.

साग, ऐन आणि बांबू

लाकडाच्या निवडीत 'साग म्हणजे सर्वोत्तम' हे समीकरण अपुरे आहे. सागाचे वैशिष्ट्य त्याच्या बळात नाही; ऐन त्याहून जड व बळकट असतो. सागाची घनता प्रति घनमीटर सुमारे ६५० किलो, तर ऐनाची ८५० च्या आसपास. परंतु साग वाळताना फारसा आकसत वा वाकत नाही आणि त्याच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे उधळी त्यापासून दूर राहते. म्हणून दारे, खिडक्या, चौकटी यांसाठी साग. खांब व मयालीसाठी ऐन. चौकटीस पर्याय म्हणून बिजा, ही जुन्या सुतारांची विभागणी शास्त्रशुद्धच होती. मात्र सागाचे हे गुण फक्त गाभ्याचे आहेत. कोवळ्या झाडात बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचे प्रमाण अधिक असते आणि त्यास कीड लागते. 'सागाची चौकट उधळीने खाल्ली' ही तक्रार ऐकू येते तेव्हा बहुधा तो पांढरा भागच असतो. खाजगी मालकीच्या जमिनीवरील सागासही तोडीची परवानगी व वाहतूक परवाना लागतो, त्यामुळे सागाच्या जंगलात राहणाऱ्या कुटुंबाच्या घरास बाजारातील लोखंडी चौकट बसते.

बांबूची कथा अधिक उद्बोधक आहे. या भागात मानवेल व कटांग या दोन जाती प्रामुख्याने आढळतात. मानवेल जवळजवळ भरीव असल्याने बांधकामास विशेष उपयुक्त आहे. तंतूंच्या दिशेने बांबूचे ताणसामर्थ्य प्रति चौरस मिलिमीटर १०० न्यूटनहून अधिक भरते. तीन-चार वर्षांत तो पक्व होतो. साग गाभा धरण्यास कित्येक दशके घेतो. त्याची उणीव आडव्या दिशेत आहे : खिळा ठोकताच तो फाटतो. म्हणून बांबूचे जोड दोरीने बांधणे किंवा भोक पाडून बोल्टने आवळणे हेच योग्य. सळईऐवजी काँक्रीटमध्ये बांबू घालण्याची कल्पना अधूनमधून डोके वर काढते. पण ओल्या काँक्रीटमध्ये बांबू फुगतो, नंतर आकसतो आणि सुटा होतो.

बांबू टिकत नाही, हा सर्वसाधारण आक्षेप अर्धसत्य आहे. प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीस लागून एक-दोन वर्षांत जातो, हे खरे. त्यामागील कारण त्यातील पिष्ट आहे. घुणा त्यासाठीच येतो. नवे कोंब फुटण्याच्या पावसाळी काळात तोड न करता ती हिवाळ्यात करणे, तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवणे, हे उपाय भारतात अनेक भागांत परंपरेने चालत आलेले आहेत. बोरॅक्स व बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणाची प्रक्रिया अधिक खात्रीची, पण ही द्रव्ये पावसात धुऊन जातात. म्हणजे प्रक्रिया केलेल्या बांबूसही रुंद वळचण आणि दगडी वा विटांचे जोते लागतेच. उत्तम टोपी आणि उत्तम जोडे मिळाले तर बांबू पिढी काढतो.

आगीचा धोका मात्र झाकून ठेवण्याचे कारण नाही. चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या बांबूच्या इमारतींना फेब्रुवारी २०२१ मध्ये आग लागून मोठे नुकसान झाले. बोरॅक्समुळे पेट घेण्याचा वेग काहीसा कमी होतो, इतकेच. चूल आणि बांबूची भिंत यांमध्ये माती वा विटांचा आडोसा, वीजवाहिन्या धातूच्या नळीतून, आणि मोठ्या इमारतीत बांबूच्या विभागांमध्ये विटांच्या भिंती ही पथ्ये अनिवार्य आहेत. दुसऱ्या पारड्यात बांबूचा हलकेपणा आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणातील मुलुगु परिसरात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचे धक्के गडचिरोली व चंद्रपूरला जाणवले. अशा प्रसंगी डोक्यावर काय आहे, किती जड आहे, हा प्रश्न अकस्मात महत्त्वाचा ठरतो.

मालकीच्या दृष्टीने २००६ चा वनहक्क कायदा निर्णायक ठरला. त्याने बांबूस गौण वनोपजात स्थान दिले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेस २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार तिच्या हाती आले. त्यापूर्वी निस्तार हक्काखाली घरगुती वापरापुरता बांबू मिळत असे. आता विक्रीही शक्य झाली. मात्र हा बांबू बव्हंशी व्यापारी व कागद उद्योगाकडे जातो. गावाच्या जंगलातील बांबू गाडीतून बाहेर जातो आणि त्याच रस्त्याने टिनपत्रे आत येतात. ग्रामसभेच्या पातळीवर प्रक्रियेचे एक हौद असते, तर निवड वेगळी झाली असती, असे मानण्यास जागा आहे.

चुना : विसरलेला दुवा

चुनखडकाच्या या प्रदेशात घरबांधणीतून चुना जवळपास हद्दपार झाला, हा विरोधाभास आहे. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाची घडीव दगडी भिंत चुन्याच्या मसाल्यात उभी आहे. वैनगंगेकाठच्या मार्कंडादेव येथील मंदिरे वालुकाश्मात घडलेली आहेत. अशा जुन्या कामांची दुरुस्ती सिमेंटने केल्यास काय घडते हे समजून घेणे नव्या घरांसाठीही उपयोगी आहे. चुना मऊ व श्वसनशील असतो. भिंतीतील ओल सांध्यांतून बाहेर पडते. क्षार सांध्यावर साचतात, झडतो तो मसाला, आणि तो पुन्हा भरता येतो. सिमेंटचा सांधा कठीण व बंद असतो. मग ओल दगडातून वाट काढते आणि दगडाचेच पापुद्रे सुटतात. जोडणारा पदार्थ जोडल्या जाणाऱ्यापेक्षा दुबळा असावा, हा येथील नियम आहे.

हाच नियम मातीच्या भिंतीवरील सिमेंटच्या गिलाव्यास लागू पडतो. घर 'पक्के दिसावे' म्हणून केलेला असा गिलावा दोन-तीन पावसाळ्यांत पत्र्यासारखा सुटतो आणि सुटताना मातीचा थर घेऊन जातो. त्यानंतर दोष मातीस दिला जातो. मातीत चुना मिसळून केलेला लेप, वर चुन्याची सफेदी आणि पायथ्याशी हातभर उंचीचे विटांचे जोते यांत ही भिंत शांतपणे टिकते.

अंदाजपत्रक आणि निवड

घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर अपेक्षित असून गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यासाठी २०१६ मध्ये १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य निश्चित झाले होते. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांच्या छायाचित्रांशी जोडलेले आहेत. दरसूचीत ज्या बाबीस दर नाही तिचे मोजमाप करणे कनिष्ठ अभियंत्यास अवघड जाते. मातीची दीड फुटी भिंत मोजण्यापेक्षा विटांची नऊ इंची भिंत मोजणे त्यास सोयीचे असते. त्यामुळे तीस वर्षांची कामगिरी मागणारी व्याख्या हातात असूनही साहित्याची निवड जुन्याच यादीतून होते. चातगावजवळील शोधग्रामचे रुग्णालय आदिवासींच्या इच्छेनुसार झोपड्यांच्या वस्तीसारखे रचले गेले, कारण मोठ्या इमारतीत येण्यास लोक बिचकत होते; साहित्य व रचना यांच्या निवडीत वापरणाऱ्यास विचारणे शक्य असते, याचे ते जवळचे उदाहरण होय.

महाविद्यालयांच्या बांधकाम समित्यांवर प्राध्यापक असतात आणि विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेत वजनकाटा, मोजपात्र व तापमापी असतात. कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यात ठेवावी. वजन वीस टक्क्यांहून अधिक वाढल्यास ती वीट परत पाठवावी. मोजपात्रात रेती व मिठाचे पाणी हलवून तीन तास ठेवावे. वर साचलेला गाळ रेतीच्या आठ टक्क्यांहून अधिक असल्यास रेती धुऊन घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत टिन, कवेलू आणि स्लॅब अशा तीन छपरांखाली, सारख्याच उंचीवर तापमापी टांगून दुपारी दोन व रात्री दहा वाजता नोंदी घ्याव्यात. दुपारच्या नोंदीत टिन वर राहील, रात्रीच्या नोंदीत स्लॅब; आणि जे त्या घरात झोपणार आहेत त्यांच्यासाठी रात्री दहाची नोंद अधिक महत्त्वाची आहे.